वस्तऱ्याचं पाणी

मराठी माणसानं पाण्याला जेवढं राबवलं आहे, तेवढं बैलालाही राबवलं नसेल. शत्रूला आपण पाणी पाजतो, नव्या माणसाचं पाणी जोखतो, पगारवाढीच्या आशेवर पाणी सोडतो, आणि चारचौघांत कुणी काही बोललं की आपला पाणउतारा होतो. हे कमी म्हणून की काय, आपण लोखंडालाही पाणी देतो. लोहार लालबुंद पातं पाण्यात बुडवतो, 'चर्रर्र' होतं, आणि मऊ लोखंडाचं कडक हत्यार होतं. मग ते पातं पाणीदार. धार गेली की त्याचं पाणी उतरलं. वस्तऱ्याचा जन्म असा पाण्यातून होतो, आणि मरणही बहुतेक पाण्यातूनच येतं. फरक एवढाच की जन्माला हौदभर पाणी लागतं आणि मरणाला एक थेंब पुरतो. रात्री पात्यावर विसरलेला एक थेंब.

या लेखाचा विषय हा थेंब आहे. इतिहास म्हटलं की वाचक तलवारीची अपेक्षा करतात, याची मला कल्पना आहे. पण तलवार माणसाच्या आयुष्यात फार तर चार वेळा म्यानाबाहेर यायची, आणि तीही सगळ्यांच्या नाही. वस्तरा आठवड्यातून दोनदा थेट गळ्यावर यायचा. दोघांपैकी कुणी अधिक इतिहास पाहिला असेल, हे वाचकांनीच ठरवावं. तरी पोवाडे तलवारीचेच.

आमच्या घरी वस्तरा घेऊन जे यायचे त्यांना सगळे वारीकमामा म्हणत. मराठवाड्यात न्हाव्याला वारीक म्हणतात. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना हा शब्द परका वाटेल, पण आमच्या हिंगोलीकडे खेड्यात अजूनही चालतो. मामा काखेत धोकटी मारून यायचे. तिच्यात वस्तरे, कातर, चिमटा, नखं काढायची नराणी, धार लावायचा निसणा, तुरटीचा खडा, पितळेची वाटी आणि एक जुनेर असायचं. यातली सर्वांत मौल्यवान वस्तू कोणती, असं मला लहानपणी कुणी विचारलं असतं तर मी वस्तऱ्याकडे बोट दाखवलं असतं. मामांनी मात्र जुनेराकडे दाखवलं असतं. ते जुनेर चारचारदा धुतलेलं, मऊ सुती लुगड्याचं असायचं. मामा कुणाला त्याला हात लावू देत नसत. वस्तरा ते एक वेळ पाहायला द्यायचे.

कारण मामांचा सारा व्यवसाय त्या जुनेराच्या एका टोकावर उभा होता. बलुत्याची पद्धत होती तेव्हा वर्षाच्या दाढीचे पैसे मिळत नसत, खळ्यावर धान्य मिळे. म्हणजे आषाढात कापलेल्या दाढीची ज्वारी माघ-फाल्गुनात. एवढ्या उधारीच्या धंद्यात भांडवल काय, तर दोन-तीन पाती. त्यातल्या एकावर डाग पडला, डागाचा खड्डा झाला, खड्डा धारेपर्यंत पोचला, की पाटलाच्या गालावर रक्ताचा टिपका आलाच. पाटलाचा गाल बोलला की गाव बोलणार. पाण्याच्या एका थेंबापासून हातातल्या घरापर्यंतचा हा प्रवास मामांना पाठ होता. म्हणून शेवटचा हात फिरला की वस्तरा आधी वाटीत, मग जुनेरावर, मग तळहातावर. आमच्याकडे वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजण्यापेक्षा तळहातावरच परजायची रीत जास्त. मामांचा तळहात चामड्याच्या पट्ट्याहून फारसा वेगळा नव्हताच. दहा-पंधरा वेळा पातं उलटसुलट फिरलं की उरलीसुरली ओल जायची. मग पातं उघडंच ठेवून ते विडी ओढत. विडी संपली की वस्तरा मिटायचा.

"पाणी लागलं तर काही होत न्हाई मालक," ते आजोबांना सांगत, "ऱ्हायलं तर होतं."

यात रसायनशास्त्राचं निम्मं पुस्तक आलं, असं मला पुढं कळलं. पोलादाला गंज चढायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि वेळही लागतो. मिटलेल्या वस्तऱ्याच्या मुठीत या तिघांचा सुखाचा संसार चालतो. पाणी ओघळतं ते नेमकं खिळ्यापाशी, जिथं पातं मुठीला जोडलेलं असतं आणि जिथं ना जुनेर पोचतं ना बोट. जुन्या विलायती वस्तऱ्यांच्या मुठी सेल्युलॉइडच्या असत. ते दिसायला हस्तिदंतासारखं, पण म्हातारपणी कुजतं आणि स्वतःच आम्लाची वाफ सोडायला लागतं. घरातल्याच माणसानं घात करावा तसं. चामड्याच्या पिशवीचंही तेच. चामडं ओल धरतं. म्हणजे ज्या धोकटीत वस्तरा सांभाळायचा, त्या धोकटीपासूनच त्याला सांभाळावं लागतं. मामा पात्याला तेलाचं बोट लावून, कोरड्या फडक्यात गुंडाळून, मगच ते धोकटीत टाकत.

तेलाचीही एक कथा आहे. करडई हे आमच्या मराठवाड्याचं लाडकं तेल. परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईच्या नव्या जाती काढल्या, तेव्हा आमच्या भागातल्या माणसाची छाती इंचभर फुगली. पण वस्तऱ्याला करडई चालत नाही. हे तेल हवेत हळूहळू वाळतं आणि त्याचा चिकट राप बसतो. रंगवाल्यांना हा गुण हवासा वाटतो, न्हाव्याला नको असतो. खोबरेल तसं वाळत नाही, म्हणून मामा खोबरेल वापरत. पण हिंगोलीच्या थंडीत खोबरेल बाटलीतच गोठून बसायचं. मग मामा शेजारच्या शिंप्याकडून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब मागून आणत. त्याच्या बदल्यात शिंप्याची दाढी.

शिंपी आणि न्हावी यांची ही जोडी आमच्या भागात जुनी आहे. हिंगोलीजवळचं नर्सी हे संत नामदेवांचं गाव. १२७० साली त्यांचा जन्म तिथं झाला, अशी परंपरा आहे. नामदेव शिंपी. वारकरी संतांच्या मेळ्यात सेना महाराज न्हावी. एकाची सुई, दुसऱ्याचा वस्तरा, आणि दोन्हींचा शत्रू गंज. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि सेनांचंही एक आहे. शिंपी आणि न्हावी एका ग्रंथात जाऊन बसले, ही गोष्ट मामा मोठ्या तोऱ्यात सांगत. सेनांची कथा महिपतींच्या 'भक्तविजया'त आली आहे. राजाचं बोलावणं आलं तेव्हा सेना पूजेत दंग होते, म्हणून प्रत्यक्ष पांडुरंग त्यांचं रूप घेऊन, धोकटी काखेत मारून राजाकडे गेला, आणि राजाला तेलाच्या वाटीत चतुर्भुज रूप दिसलं. कथा सुंदरच आहे. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचं आहे की काम झाल्यावर देवानं वस्तरा पुसला कशाला? पीतांबराला पुसला असेल तर रेशमाला पाणी टिपत नाही. याबाबत चरित्रकार मौन पाळतात. मामांचं उत्तर तयार होतं : "त्येच्या हातचा वस्तरा गंजंल व्हय?"

आपल्या हातचा मात्र गंजतो, आणि हिंगोलीत जरा जास्तच गंजतो. याला आमचा दगड जबाबदार आहे. आमच्या पायाखाली काळा पाषाण आहे. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कर्बाम्ल वायू घेऊन जातं आणि वाटेत खडकातला चुना न् मॅग्नेशियम खात खात विहिरीत उतरतं. असं चरलेलं पाणी म्हणजे जड पाणी. ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. तुरीची डाळ दोन तास शिजूनही दाताखाली टचटचली, साबणाचा फेस न होता नुसता साका झाला, हंड्याच्या आत पांढरं अस्तर चढलं, की समजावं. कयाधू वाहती असेपर्यंत मामा दाढीचं पाणी नदीवरून आणत, असं आजोबा सांगायचे. १९७२च्या दुष्काळानंतर गावोगावी विंधनविहिरी झाल्या. लोकांची तहान भागली, हे फार मोठं काम झालं, त्याबद्दल वाद नाही. पण खोलातलं पाणी बहुतेक अधिकच जड. मामा हातपंपाकडे पाहून म्हणत, "ह्ये पाणी न्हाई, पातळ चुना हाय."

अशा पाण्याचा थेंब पात्यावर वाळला की पाणी उडून जातं आणि चुना मागं राहतो. त्याचं गोल पांढरं कडं उमटतं. गरम पाण्यात वस्तरा बुडवून काढला की लवकर सुकतो, हे खरं. पण लवकर सुकला म्हणजे चुना उडाला असं नाही, तो फक्त लवकर बसला. म्हणून पुसायचं ते ओलं असतानाच. यावर कुणी म्हणेल की शेवटी पावसाच्या पाण्यानं धुवावं. अगदी बरोबर. आमच्या ओळखीचे एक निवृत्त अभियंता तर मोटारीच्या बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यानं वस्तरा विसळतात. त्यांच्या वस्तऱ्यावर डाग नाही, हे मी पाहिलं आहे. मोटार बंद पडलेली आहे, हेही पाहिलं आहे.

मामांनी डागांची एक जातवारी लावली होती. पांढरा डाग म्हणजे पाहुणा, तांबडा म्हणजे भाडेकरू, काळसर म्हणजे घरजावई, आणि खड्डा म्हणजे मालकच. पाहुणा जातो, थोडी आंबट बोलणी करावी लागतात एवढंच. फडक्याच्या टोकाला लिंबाचा थेंब घेऊन पांढऱ्या डागावर टेकवायचा, दहा आकडे मोजायचे, लगेच पुसायचं, खायच्या सोड्याच्या पाण्यानं आम्ल मारायचं, परत पुसायचं, तेल लावायचं. दहाचे वीस आकडे करू नयेत. लिंबाला चुना आणि पोलाद यांतला भेद थोडाच वेळ कळतो. आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी तांब्याचा घंगाळ लखलखीत होतो म्हणून वडिलांचा वस्तरा चिंचेच्या कोळात रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी पांढरे डाग खरोखरच गेले होते. सारं पातंच पाटीसारखं करडं झालं होतं, त्यामुळे डाग कुठले ते ओळखूच येईनात.

तांबड्या भाडेकरूशी भांडावं लागतं, पण बेतानं. चुलीची राख वस्त्रगाळ करायची, तेलात कालवायची, बाटलीच्या बुचाला लावायची आणि पात्याच्या पाठीकडून धारेकडे घासायची. धारेवरून आडवं कधीच नाही. त्यात बोटही जातं आणि धारही. विटेची भुकटी पितळी समईला ठीक, वस्तऱ्याला नाही. तिच्या ओरखड्यांत उद्याचं पाणी जाऊन बसतं. काळसर डागाच्या वाटेला जाऊ नये. लोखंडावर जमलेला तो पक्का थर असतो, आणि एका परीनं पात्याचं रक्षणच करतो. घरजावई तरी दुसरं काय करतो? खड्ड्याला मात्र इलाज नाही. तो पात्याच्या पोटात असेल तर दिसायलाच वाईट. धारेवर आला तर निसण्यावर घासत घासत धार मागं न्यायची, खड्डा संपेपर्यंत. म्हणजे एका थेंबासाठी वस्तऱ्याचं आयुष्य काही वर्षांनी कमी.

पंचांगही वस्तऱ्याच्या बाजूचं नाही. वर्षातला सर्वांत ओला महिना श्रावण, आणि नेमका त्याच महिन्यात धार्मिक घरांतून दाढी बंद. वस्तरा महिनाभर ओलसर धोकटीत निजून राहणार. रोज चालणारं पातं सहसा गंजत नाही, निजलेलं गंजतं. पुढं खंडेनवमी येते. हिंगोलीचा दसरा दूरवर प्रसिद्ध आहे, आणि आदल्या दिवशी घरोघरी हत्यारांची पूजा होते. वस्तऱ्यावर पाणी शिंपडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि देव म्हणून रात्रभर हलवायचं नाही. दसऱ्याच्या सकाळी आजोबांच्या वस्तऱ्यावर जे नक्षत्रमंडळ उमटायचं, त्याला आजी 'देवाचा प्रसाद' म्हणे. आजोबा काही बोलत नसत. ते राख चाळायला घेत.

आजोबांचा हा वस्तरा जर्मनीतल्या सोलिंगेनचा. आमच्या घरात तो कुठून आला, याच्या तीन कथा आहेत आणि तिन्ही सांगणारे आता नाहीत. त्यातली एक कथा त्याला छावणीशी जोडते. हिंगोलीला १८१९पासून १९०३पर्यंत निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. गोरे अधिकारी होते, म्हणजे त्यांच्या सामानात विलायती वस्तरे असणारच. आणि हिंगोलीचं पाणी साहेबाचा वस्तरा म्हणून काही वेगळं वागलं नसणार. शेफील्डचं पातं आणि कयाधूकाठची विहीर यांची गाठ पडल्यावर साहेब काय बोलले असतील ते ग्रंथांतरी नमूद नाही. नमूद करण्यासारखं नसावं.

या शेफील्डच्या पोलादाचा आमच्याकडचा एक धागा मात्र नोंदवलेला आहे. आमच्या हिंगोलीसारखंच निजामाच्या मुलखात असलेलं, आज तेलंगणाच्या निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम हे गाव. तिथले लोक मातीच्या मुशीत लोखंड वितळवून असं पोलाद करत की ते न्यायला इराणहून व्यापारी येत. व्हॉयसी नावाच्या इंग्रज भूशास्त्रज्ञानं ती रीत पाहून लिहून ठेवली. त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ साली ती छापून आली. अशा हिंदी पोलादाचे, म्हणजे इंग्रज ज्याला 'वूट्झ' म्हणत त्याचे नमुने १७९०च्या दशकात मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी लंडनला रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे पाठवले. तिथल्या विद्वानांनी ते ठोकून, तापवून, चाटून बघितले असतील. पुढं जेम्स स्टोडार्ट नावाचा लंडनचा सुऱ्या-वस्तरे करणारा कारागीर या पोलादाच्या प्रेमात पडला. त्याच्या जोडीला आला मायकेल फॅरडे. होय, तोच विजेचा फॅरडे. दोघांनी वूट्झसारखं पोलाद करता यावं, आणि जमल्यास न गंजणारंही करता यावं म्हणून त्यात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे राजेशाही धातू घालून पाहिले. १८२० आणि १८२२ साली निबंध प्रसिद्ध केले, आणि या पोलादाचे वस्तरे करवून फॅरडेनं मित्रांना भेट दिले. वस्तऱ्यावरचा डाग घालवण्यासाठी चांदी-प्लॅटिनम वापरणं म्हणजे डासासाठी तोफ लावणं. पण विज्ञानाचा रस्ता असाच जातो. आमच्या शेजारच्या मुलखातल्या लोहारांनी मुशीतून काढलेल्या पोलादाला मात्र पुढं विचारणारं कुणी राहिलं नाही. शेफील्डचा माल स्वस्त पडायला लागला.

आतापर्यंत मी पाण्याच्या डागाबद्दल बोललो. पण वस्तऱ्याचा इतिहास लिहायचा तर दुसऱ्या एका डागाबद्दलही बोलायला हवं, जो कधीच कुणाला दिसला नाही. वस्तरा बाटतो, अशी समजूत होती. कुणाच्या गालाला लागून तो बाटतो, हे गावात प्रत्येकाला पाठ असे. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या बालपणाबद्दल लिहिलं आहे : साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, पण अस्पृश्याच्या मुलाचे केस कापायला एकही तयार नव्हता. ते काम त्यांची मोठी बहीण घरीच करायची. म्हशीच्या अंगावरून फिरलेला वस्तरा धुतला की चालायचा. या मुलाच्या डोक्यावरून फिरलेला धुऊनही चालत नसे. असलं कसलं पाणी, आणि असला कसला डाग, हे मला कोणत्याही रसायनशास्त्राच्या पुस्तकात सापडलं नाही.

मामांना मी कॉलेजात असताना हे विचारलं होतं. त्या वयात माणूस दुसऱ्याला असे प्रश्न फार धीटपणे विचारतो. मामांनी विडी विझवली.

"मालक, आमी वस्तरा कुनाला लावायचा त्ये आमी कवा ठरीवलं?" ते म्हणाले. "गावानं ठरीवलं. त्येंची केली असती तर गावानं आमाला दारात उभं केलं नसतं. दाणं कुनी दिलं असतं?" थोडं थांबून म्हणाले, "तरी बी केली पायजे व्हती. म्या न्हाई केली."

१९५५च्या अस्पृश्यता कायद्यानं अशी सेवा नाकारणं गुन्हा ठरवलं. कायदा गावात पोचायला एसटीपेक्षा उशीर लावतो, हे खरं. पण न्हावी कधी ठरवतच नव्हते असंही नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा भरली. लोखंडे हे सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी. तिथं जमलेल्या शेकडो न्हाव्यांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. नवरा मेला म्हणून बाईचं डोकं भादरण्याचं काम ज्यांच्याकडून करवून घेतलं जात होतं, त्यांनीच सांगितलं की हे पाप आहे आणि आमच्या हातून होणार नाही. सुधारकांनी यावर वर्षानुवर्षं व्याख्यानं दिली होती. न्हाव्यांनी नुसता वस्तरा मिटला. ज्यांच्या घरी हे चालायचं ते वेदशास्त्रसंपन्न, आणि न्हाव्यानं त्यांना धडा दिला. ही गोष्ट मी मामांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचायला लावली, आणि तारीख विचारली.

यानंतर वस्तऱ्याचे दिवस फिरले, आणि ते फिरवले एका अमेरिकन फिरत्या विक्रेत्यानं. किंग कॅम्प जिलेट हे त्याचं नाव. नावात राजा असला तरी धंदा बाटलीची बुचं विकण्याचा. एकदा वापरून फेकायच्या बुचांवरून त्याला सुचलं की वस्तराही फेकता येईल असा करावा. १९०३ साली त्याच्या कंपनीचे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. एवढी विक्री आमच्या गावच्या जत्रेत फुगेवाल्याची होते. पुढच्या वर्षी मात्र आकडा नव्वद हजार रेझरांवर गेला. पातं फेकायचंच तर पुसायचं कशाला? डागाचा प्रश्नच निकालात!

पण जिलेटसाहेबांना मराठी मध्यमवर्ग ठाऊक नव्हता. पातं फेकायचं असतं, हे आमच्या वडिलांच्या पिढीला मान्यच झालं नाही. ती पातीही तेव्हा साध्या पोलादाची, दोन दाढ्यांत गंजणारी. वडील ब्लेड जुनेराला पुसत, काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला बोटानं दाबून घासत आणि त्याला पुन्हा धार आणत. मग खोबरेलाच्या डबीत ठेवत. एक ब्लेड महिना चाले. दाढीतून निवृत्त झालं की ते पेन्सिलीला, पेन्सिलीतून निवृत्त झालं की आईच्या शिवणाच्या डब्यात उसवायला. मामांची सारी विद्या एवढ्याशा पत्र्यावर आमच्या मोरीत चालू होती.

त्या विद्येचा खरा शेवट केला क्रोमियमनं. १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधताना त्यात बारा-तेरा टक्के क्रोमियम घातलं, आणि त्या पोलादाला व्हिनेगर-लिंबूही काही करीना. क्रोमियमचा एक अदृश्य पापुद्रा पोलादावर बसतो आणि ओरखडा पडला तरी स्वतःच भरून येतो. फॅरडेला चांदी-प्लॅटिनममध्ये जे सापडलं नाही, ते इथं होतं. तरी दाढीच्या पात्यापर्यंत यायला त्याला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन कंपनीची स्टेनलेस पाती आली, आणि मग सगळ्यांनाच तशी काढावी लागली. स्टेनलेसवरही जड पाण्याचा पांढरा डाग पडतोच, बरं का. पाहुणा कुणाच्याही घरी जातो. फक्त भाडेकरू राहायला येत नाही.

न्हाव्याच्या हातातला उघडा वस्तरा त्यानंतरही बरीच वर्षं टिकला. १९८६ साली भारतात एड्सचे पहिले रुग्ण आढळले, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गिऱ्हाईक खुर्चीत बसल्याबरोबर विचारू लागलं, "ब्लेड नवीन आहे ना?" वस्तऱ्याच्या डागाबद्दल आयुष्यात कधी चौकशी न केलेली माणसं कागदाच्या वेष्टणाकडे रोखून पाहू लागली. रास्त होतं ते. रक्ताचा न दिसणारा डाग हा काही विटाळासारखा मनाचा खेळ नव्हता. वस्तऱ्याच्या आकाराची मूठ आली आणि तिच्यात अर्धं ब्लेड बसू लागलं. १९९९ साली १ मे रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, तोवर गावातल्या बहुतेक दुकानांत खरा वस्तरा कपाटात गेला होता.

मामांचा नातू स्टँडकडच्या रस्त्याला दुकान चालवतो. फिरती खुर्ची आहे, तीन आरसे आहेत, क्रिकेटपटूंच्या केसांचे फोटो आहेत. ब्लेडचं पाकीट फोडून तो कागदासकट मधोमध वाकवतो, कट्‌कन आवाज होतो, अर्धं पातं मुठीत जातं. दाढी झाली की पातं डब्यात. पुसणं नाही, परजणं नाही, तेल नाही. मूठ मात्र स्वस्तातली आहे, आणि पातं जिथं अडकतं तिथं, खिळ्यापाशी, मला तांबूस ठिपके दिसले. मी दाखवले. त्यानं पाहिलं, मूठ जीन्सच्या मांडीला दोनदा पुसली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं.

फवाऱ्यात मात्र तो नळाचं पाणी भरत नाही. वीस लिटरचा विकतचा जार ठेवला आहे.

"कामून रे, एवढी चैन?" मी विचारलं.

"चैन कुठली काका," तो म्हणाला, "नळाचं भरलं की आठ दिवसांत फवाऱ्याच्या तोंडाला चुना बसतो. मग लिंबू लावून बसावं लागतं."

"किती वेळ लावतोस लिंबू?"

"दहा मोजेपर्यंत."